वायर बदलली की आवाज बदलतो का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात स्पीकर खोलीत कुठे ठेवायचे याबद्दल लिहिलं होतं, पण पत्रं आली ती जवळपास सगळी वायरींबद्दल. वायर म्हटलं की लोकांचे सरळ दोन गट पडतात, एकाला सगळंच ऐकू येतं आणि दुसऱ्याला काहीच नाही. आलेल्यातले निवडक प्रश्न घेतलेत, काही पत्रं लांबलचक होती ती थोडी कापली आहेत.

प्रश्न: ॲम्प खोलीच्या एका टोकाला आहे, लांबच्या स्पीकरपर्यंत वायर भिंतीच्या कडेकडेने नेली तर १० मीटर भरते. स्पीकरसोबत जी बारीक वायर आली होती तीच जोडून वाढवून लावली होती, आता अडीच स्क्वेअर एमएमची लावलीये आणि आवाज वेगळा वाटतोय. मित्र म्हणतो वायर ती वायर, तुझ्या डोक्यातले खेळ आहेत. कोण बरोबर? – बारीक वायरवाला

या वेळी तुम्ही बरोबर, आणि यात गूढ काहीच नाही, साधा गुणाकार आहे. एक स्क्वेअर एमएम जाडीच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) मीटरला साधारण ०.०१७ ओहम असतो. सोबत येणारी वायर बऱ्याचदा अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या आसपासच असते, म्हणजे मीटरला ०.०३४. आता १० मीटर वायर म्हणजे करंटला जायला १० आणि यायला १०, असे २० मीटर (हे यायचे १० मीटर लोक हमखास विसरतात), म्हणजे झाले जवळपास ०.७ ओहम. स्पीकरच्या मागे ८ ओहम लिहिलेलं असलं तरी तो सगळीकडे ८ नसतो, एखाद्या फ्रिक्वेन्सीला ४ पर्यंत खाली येतो आणि दुसरीकडे कुठेतरी ३० पर्यंत चढतो. जिथे ४ आहे तिथे तुमची बारीक वायर सुमारे १.४ डेसिबल खाते, जिथे ३० आहे तिथे फक्त ०.२. म्हणजे सगळा आवाज सारखा कमी झाला असता तर व्हॉल्यूम वाढवून काम भागलं असतं, पण इथे वायरने आवाजाचा तोलच १.२ डेसिबलने बदलला, आणि एवढा फरक कान देऊन ऐकणाऱ्याला कळतो. जाड वायरीत हाच हिशेब ०.१४ ओहमवर येतो आणि तोल पाव डेसिबलच्या आसपास हलतो, तेवढं सोडून द्यायचं.

पण मित्रालाही अगदीच वेड्यात काढू नका. तीच बारीक वायर २ मीटरच असती तर तिचा रेझिस्टन्सही ०.१४ ओहमच आला असता, म्हणजे तुमच्या जाड १० मीटरएवढाच. मित्राचे स्पीकर ॲम्पच्या शेजारी असतील तर त्याच्या घरी त्याचं म्हणणं खरं आहे. म्हणून आधी लांबी मोजायची आणि मग जाडी ठरवायची. ढोबळ नियम असा की जाऊन-येऊन वायरीचा रेझिस्टन्स स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा, ८ ओहमला ०.४ आणि ४ ओहमला ०.२. आता अडीचवरून ४ किंवा ६ स्क्वेअर एमएमवर उडी मारायची खाज सुटली असेल तर सांगतो, तिथे मिळकत डेसिबलच्या एक-दोन दशांशांची आहे आणि ती जाडजूड वायर बऱ्याच टर्मिनलमध्ये शिरणारसुद्धा नाही.

तुमच्या पत्रात शेवटी एक उपप्रश्न होता, दोन्ही बाजूंना वायर सारख्याच लांबीची हवी का. वेळेच्या दृष्टीने अजिबात नको, १० मीटर वायर पार करायला सिग्नलला सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागाइतकाच वेळ लागतो. बारीक वायर असेल आणि एका बाजूला २ मीटर नि दुसऱ्या बाजूला १० मीटर असेल तर मात्र दोन स्पीकरचा आवाज एकसारखा राहणार नाही. जाड वायरीत तोही प्रश्न मिटतो, त्यामुळे जवळच्या स्पीकरची जास्तीची ८ मीटर वायर टीव्हीच्या मागे गुंडाळून ठेवायची गरज नाही.

प्रश्न: जाड दिसणारी, पारदर्शक आवरणाची स्पीकर केबल घेतली, तांबूस दिसते पण हातात घेतली तर हलकी लागते. फसलो का? – संशयी

ब्लेडने एकाच बारीक तारेवर हळूच खरवडून बघा. आतून पांढरट चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर आहे, उलट वरून चंदेरी आणि खरवडल्यावर तांबडी निघाली तर ते कथील चढवलेलं तांबं, ते उत्तम. मुलाम्याच्या वायरीचा रेझिस्टन्स तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा साधारण दीडपट असतो. म्हणजे ती टाकाऊ नाही, अडीचची असेल तर दीडची धरून हिशेब करायचा आणि लांबी कमी असेल तर खुशाल वापरायची. तिचा खरा त्रास टोकाला होतो, दोन-चार वेळा वाकवली की तारा तुटतात, स्क्रूखाली दबून सैल पडतात, त्यामुळे सारखी काढघाल करणाऱ्या माणसाने ती घेऊ नये.

प्रश्न: दादा, चांदीच्या वायरीबद्दल तुमचं मत काय? बास जड आणि ट्रेबल मोकळा होतो म्हणतात. – चंदेरी

चांदीचा रेझिस्टन्स तांब्यापेक्षा ६-७ टक्के कमी, बस. तांब्याची वायर तेवढीच जाड घेतली की तो फरक संपला. स्किन इफेक्टची (उंच फ्रिक्वेन्सीला करंट तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो त्याची) भीती दाखवतात, पण २० हजार हर्ट्झला तांब्यात करंट सुमारे अर्धा मिलिमीटर खोलवर पसरलेला असतो आणि स्पीकर केबलमधली एकेक तार त्याहून कितीतरी बारीक असते. वायरी एकत्र वळलेल्या असल्यामुळे थोडाफार परिणाम उरतो तो घरातल्या लांबीत कानावर येण्याइतका नसतो. चांदी दिसते छान, एवढं कबूल.

प्रश्न: इंटरनेटच्या नेटवर्क केबल तीन घेऊन त्यांची वेणी घातली, सगळ्या रंगीत तारा प्लसला आणि पांढऱ्या मायनसला. आवाज स्वच्छ येतोय पण ॲम्प पूर्वीपेक्षा बराच गरम होतो, काही वाजत नसतानासुद्धा. काही बिघडलं का? – वेणीवाला

आधी ती काढा आणि मग पुढचं वाचा.

तुमची वेणी रेझिस्टन्सच्या दृष्टीने मस्त आहे, नेटवर्क केबलमधली एकेक तार साधारण ०.२ स्क्वेअर एमएमची असते, तीन केबल म्हणजे २४ तारा, एका बाजूला १२, म्हणजे जवळपास अडीच स्क्वेअर एमएम. इंडक्टन्सही (बदलत्या करंटला होणारा अडथळा) कमी. पण दर प्लस तारेला एक मायनस तार चिकटून पिळलेली आहे आणि अशा १२ जोड्या समांतर आल्या, त्यामुळे कपॅसिटन्स (दोन तारांमध्ये वीज साठण्याची क्षमता) वाढला. एका जोडीचा मीटरला साधारण ५० पिकोफॅरड (कपॅसिटन्सचं एकक) धरला तरी १२ जोड्यांचे ६०० होतात, शेजारच्या जोड्यांचा वेगळाच, आणि ५-६ मीटर लांबीत ते काही हजारांवर जातं. बहुतेक ॲम्प हे पचवतात कारण त्यांच्या आउटपुटला छोटी कॉइल आणि रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी बसवलेली असते. काही ॲम्पमध्ये ती कॉइल नसते, मग असा कपॅसिटिव्ह लोड लागला की ॲम्प ऐकू न येणाऱ्या उंच फ्रिक्वेन्सीला स्वतःच डोलायला लागतो, त्याला ऑसिलेशन म्हणतात. स्पीकरमधून काही कळत नाही, पण आउटपुट ट्रान्झिस्टर तापत राहतात, आणि तसंच चालू राहिलं तर ट्रान्झिस्टर जातात नाहीतर ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर). साधी वायर लावून ॲम्प पूर्वीसारखा कोमट राहिला तर दोष वेणीचाच होता असं समजा. वेणीचा हौसेने खपून केलेला माल फुकट घालवायचा नसेल तर एका पूर्ण केबलच्या आठही तारा प्लसला आणि दुसऱ्या पूर्ण केबलच्या मायनसला असं जोडा, जोडीतल्या दोन्ही तारा एकाच बाजूला गेल्या की कपॅसिटन्स खूप उतरतो. तरी पहिले काही तास हात लावून बघत राहायचं.

प्रश्न: कॉम्प्युटर ॲम्पला जोडला की 'घुंईं' असा आवाज येतो, काढला की बंद. केबल तीन वेळा बदलली, त्यातल्या एकीत आवाज कमी झाला पण गेला नाही. दुकानदार म्हणाला अर्थिंगची पिन काढून टाका. काढू का? – घुमणारा

नाही. पिन काढून आवाज जातो हे खरं, म्हणूनच हा सल्ला इतका पसरलाय, पण आत कुठे इन्सुलेशन फाटून फेज बॉडीला लागली तर फ्यूज उडवायला ती पिनच असते, ती नसेल तर करंट ज्याचा हात लागेल त्याच्यातून जाणार. आवाज घालवायचे दुसरे चार मार्ग आहेत.

तुमच्याकडे झालाय तो ग्राउंड लूप. कॉम्प्युटर अर्थ झालाय भिंतीतल्या एका सॉकेटमधून, ॲम्प दुसऱ्यातून, आणि दोघांना परत तुमच्या आरसीए केबलच्या (मधे पिन आणि बाहेर कडी असलेल्या प्लगची ऑडिओ केबल) शिल्डने, म्हणजे आतल्या तारेभोवतीच्या जाळीने, जोडलं. एक मोठं वर्तुळ तयार झालं आणि दोन अर्थमध्ये जो थोडासा व्होल्टेजचा फरक असतो त्याचा करंट त्या शिल्डमधून फिरायला लागला. आरसीएत शिल्ड हीच सिग्नलची परतीची वाटही असते, त्यामुळे शिल्डवर जे काही व्होल्टेज पडेल ते गाण्यात मिसळतं. समजा शिल्डचा रेझिस्टन्स ०.१ ओहम आहे आणि १० मिलिअँपिअर फिरतायत, तर १ मिलिव्होल्ट झाला. गाण्याचा सिग्नल २ व्होल्टचा धरला तर ही कुरकुर ६६ डेसिबल खाली आहे, गाणं चालू असताना लपेल पण शांत जागी स्पष्ट ऐकू येईल. आता लक्षात येईल की तुमच्या तीन केबलींपैकी एकीत आवाज कमी का झाला, तिचं शिल्ड जाड विणीचं असणार, रेझिस्टन्स कमी. वायर बदलल्याने खराखुरा, मोजता येणारा फरक पडण्याचं हे एक उदाहरण, पण केबल बदलून रोग जाणार नाही.

करायचं असं. आधी दोन्ही वस्तू एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या (बोर्डची आणि वायरीची क्षमता बघून), वर्तुळ लहान झालं की बऱ्याचदा तिथेच भागतं. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा, आवाज गेला तर वाट चार्जरमधून आहे. केबल टीव्ही किंवा छतावरच्या अँटेनाची वायर सेट टॉप बॉक्सला येत असेल तर ती काढून बघा, ती बाहेर कुठेतरी वेगळीच अर्थ झालेली असते आणि लोक महिनोन्‌महिने ॲम्पला शिव्या देत बसतात. तरीही राहिला तर कॉम्प्युटरमधून ऑप्टिकल केबल काढा, त्यातून प्रकाश जातो, तांब्याचा संबंधच नाही त्यामुळे लूप तुटतो. ऑप्टिकल नसेल तर मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा, पण फार स्वस्तातल्यात लोहगाभा एवढुसा असतो आणि खालचा बास जातो.

आणि घुमण्याचा सूर ओळखा. जाड, मऊ 'हूंऽऽ' असेल तर ५० हर्ट्झ (काही देशांत ६०), तो बहुतेक ग्राउंड लूपचा, नाहीतर शिल्ड तुटलेलं किंवा केबल एखाद्या ट्रान्सफॉर्मरला घासून गेलेली. खरखरीत, टोकदार 'बझ्झ' असेल तर १०० आणि त्यावरचे सूर, ते पॉवर सप्लाय आणि डिमरकडून येतात. माऊस हलवला की किर्र किर्र होत असेल तर ते कॉम्प्युटरच्या आतलंच, तिथे यूएसबीवर चालणारा बाहेरचा डॅक (डिजिटल सिग्नलचा ऑडिओ सिग्नल करणारा डबा) घेणं बरं.

एक राहिलं, आरसीए केबल ॲम्प चालू असताना कधी काढू-घालू नका. त्या प्लगची रचनाच अशी की मधली पिन आधी टेकते आणि बाहेरची कडी नंतर, त्या क्षणभरात ग्राउंड नसतं आणि पूर्ण आवाजात भस्सकन हम येतो.

प्रश्न: ताई किंवा दादा जे कोणी असाल, आमच्याकडे भांडण लागलंय. मला नवीन इंटरकनेक्टमध्ये (दोन यंत्रं जोडणाऱ्या केबलीत) स्पष्ट फरक ऐकू येतो, नवरा म्हणतो तुला नवीन डबा दिसला म्हणून. घरच्या घरी याचा निकाल कसा लावायचा? – माझेच कान

निकाल लावण्याआधी एक करा, जुनी केबल परत लावून बघा. खूपदा असं होतं की वर्षानुवर्षं न हललेल्या आरसीएच्या सॉकेटवर थर साचलेला असतो, नवीन केबल खुपसताना तो घासून निघतो आणि कौतुक केबलला मिळतं. जुनी परत लावूनही आवाज तेवढाच छान राहिला तर तुमचे कान खरे आणि नवराही खरा.

आता परीक्षा. पहिली अट, आवाजाची पातळी सारखी हवी, कारण दोनमधला जरासा मोठा आवाज माणसाला 'जास्त मोठा' वाटत नाही, 'जास्त चांगला' वाटतो. १ हजार हर्ट्झचा टेस्ट टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटरने एसी व्होल्ट मोजा, दोन केबलींत फरक १ टक्क्याच्या आत हवा. टोन मध्यम आवाजात आणि थोडाच वेळ, सतत जोरात वाजवला तर स्पीकरला त्रास. स्वस्तातल्या मल्टीमीटरला १ हजार हर्ट्झ जमत नसेल तर १०० हर्ट्झचा टोन घ्या. दुसरी अट, डोकं हलता कामा नये. १ हजार हर्ट्झची लहर खोलीत ३४ सेंटिमीटरची असते, केबल बदलून येऊन सोफ्यावर वीतभर बाजूला बसलात तर भिंतींवरून येणाऱ्या आवाजाची बेरीज बदलते आणि तो फरक कुठल्याही केबलीपेक्षा मोठा असतो. तिसरी अट, नवऱ्याने नाणं उडवून छापा आला तर जुनी आणि काटा आला तर नवी लावायची, तुम्हाला दिसता कामा नये आणि तोंडावरूनही कळता कामा नये (म्हणून तो दुसऱ्या खोलीत गेलेला बरा). गाण्याचा एकच १५-२० सेकंदांचा तुकडा घ्या, कानाची बारीक आठवण फार टिकत नाही.

दहा वेळा करा. सात बरोबर आले तर लगेच पेढे वाटू नका, डोळे मिटून अंदाज मारणाऱ्यालाही सात किंवा जास्त येण्याची शक्यता १७ टक्के असते. नऊ किंवा दहा आले तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता १ टक्का, मग नवऱ्याने गप्प बसावं. आणि तुम्ही जिंकलात तर पुढचं काम खरं मजेचं, दोन्ही केबलींचा रेझिस्टन्स, शिल्ड, प्लगची पकड तपासा, कारण जे अंधारातही ऐकू येतं ते मीटरवर दिसायलाच हवं.

स्पीकर केबलची अशी तुलना करायला स्विच बॉक्स घेणार असाल तर सावध. बऱ्याच स्विचमध्ये दोन्ही चॅनलचे मायनस आतून एकत्र जोडलेले असतात. आजकालच्या पुष्कळ डिजिटल ॲम्पमध्ये मायनस टर्मिनल म्हणजे ग्राउंड नसतोच, तोही चालता आउटपुट असतो, ते दोन जोडले की ॲम्प गेलाच.

प्रश्न: टर्नटेबल स्पीकरपासून लांब न्यायचा होता म्हणून ३ मीटर केबल लावली, आता रेकॉर्डी कर्कश पण वर बंद-बंद वाटतात. मनाचे खेळ? – काळी तबकडी

अजिबात नाही, आणि गंमत म्हणजे केबलवर हसणारे लोक नेमकी हीच जागा विसरतात. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच्या (सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) आत हजारो वेढ्यांची कॉइल असते, इंडक्टन्स ५०० मिलिहेन्रीच्या आसपास, आणि केबलचा कपॅसिटन्स तिच्याशी मिळून रेझोनन्स करतो, म्हणजे एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला आवाज फुगतो. सगळं मिळून २०० पिकोफॅरड असेल तर तो १६ हजार हर्ट्झच्या जवळ बसतो, ५०० झाले की १० हजारावर येतो. तुमच्या ३ मीटरचेच ३०० वगैरे झाले असतील, वर टोनआर्मची (सुई धरणारा दांडा) वायर आणि फोनो इनपुट. मग १० हजाराच्या अलीकडे उंचवटा म्हणून कर्कश, आणि पलीकडे घसरण म्हणून बंद. कार्ट्रिजच्या कागदावर किती पिकोफॅरड चालतात ते दिलेलं असतं, अनेकांना १०० ते २०० पुरतात. फोनो प्रीॲम्प (रेकॉर्डचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) टर्नटेबलच्या शेजारी ठेवा, मधली केबल मीटरभराच्या आत, आणि लांब केबल प्रीॲम्पच्या पुढे, तिथे तेवढ्या लांबीने काही बिघडत नाही. टर्नटेबलची ती बारीक हिरवी किंवा काळी सुटी ग्राउंडची वायर प्रीॲम्पच्या स्क्रूला लावायची राहू देऊ नका.

प्रश्न: केबलवर बाण असतो तो पाळायचाच का? आणि १०० तास वाजवून केबल 'मोकळी' होते का? – बाणवाला

ऑडिओ सिग्नल एसी असतो, तो दोन्हीकडे जातो-येतो, त्याला बाण कळत नाही. काही इंटरकनेक्टमध्ये मात्र शिल्ड एकाच टोकाला जोडलेलं असतं, तिथे बाणाला अर्थ आहे, म्हणून पाळून टाकावा, काही जात नाही. मोकळी होते ती स्पीकरची रबराची कडा, थोडीशी. केबलला १०० तास लावल्यावर मोकळे होतात ते आपले कान.

प्रश्न: भिंतीतून पाइप टाकून मागच्या स्पीकरची वायर न्यायची आहे, काय बघायचं? आणि एका ठिकाणी दोन्ही तारांचा रंग सारखाच आहे, प्लस-मायनस कळत नाही. – फोडाफोडी चालू

लाइटच्या पाइपमधून नेऊ नका, वेगळा पाइप आणि समांतर जात असेल तर फूटभर अंतर, ओलांडायचाच झाला तर काटकोनात. पाइप जरा मोठाच टाका आणि आत एक ओढवायर ठेवून द्या, पुढे वायर बदलाविशी वाटली (वाटणारच) तर भिंत फोडावी लागणार नाही. मधे सांधा नको, एकसंध वायर. टोकाला डाग देऊन म्हणजे सोल्डर लावून ते स्क्रूखाली दाबू नका, सोल्डर मऊ असतं, दबत दबत काही महिन्यांत सैल होतं. त्यापेक्षा पिन लग दाबून लावा किंवा बनाना प्लग.

प्लस-मायनससाठी ॲम्पकडची टोकं पूर्ण काढा, त्यांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा आणि कोणालातरी स्पीकरची जाळी काढून वूफरकडे (बासच्या मोठ्या कोनाकडे) बघायला सांगा. कोन बाहेर आला तर सेलचा प्लस ज्या तारेला लागलाय ती प्लस, आत गेला तर उलट. दोन्ही स्पीकरचे कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत, नाहीतर बास एकमेकांना खातो आणि मग माणूस बास येत नाही म्हणून आणखी जाड वायर शोधत फिरतो. तारेवर टेप लावून खूण करा, आणि ॲम्प चालू करायच्या आधी टर्मिनलपाशी टॉर्च मारून बघा, एखादी केसासारखी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकलेली असू शकते.